तागातली छिटाची पाखरं

माय, आज रविवार आहे. घरात मी एकटीच आहे, आणि चहा दोनदा गरम करूनही प्यायचा राहिलाय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता लगेच कानात येत नाही, थोडं थांबावं लागतं. तुझं बोलणं मात्र जसंच्या तसं आठवतं, रागावल्यावरचं तर जास्तच. तुला सांगायचं आहे ते अण्णांबद्दल. या श्रावणात आम्ही त्यांना गावाकडून हलवलं. ते आता लातूरला तुझ्या धाकट्याकडे आहेत, धडधाकट आहेत, दोन्ही वेळा नीट जेवतात. हे कसं ठरलं ते तुला कळायला हवं, आणि ते सांगायचं तर तुझ्या त्या छिटाच्या पाखरांपासून सुरुवात करावी लागेल. दुसरीकडून सुरू करून पाहिलं, जमलं नाही.

ओढ्याच्या अंगाला आपला जो हलक्या जमिनीचा तुकडा आहे, त्यात अण्णा वर्षाआड ताग पेरायचे. खायला नाही, विकायला नाही. कमरेच्या वर आला, कळ्यांचा पिवळा रंग दिसू लागला की उभाच्या उभा नांगराखाली घालून मातीत गाडायचा, आणि तो कुजला की त्यावर रब्बीची ज्वारी. लहानपणी मला हे येडेपणाचं वाटायचं. एवढं वाढवायचं ते गाडायला? पण त्या तागात ती पाखरं असायची, म्हणून मी तुझ्यामागं यायची. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, पांढरीशुभ्र, पंखांवर लाल ठिपके आणि त्या लाल ठिपक्यांच्या मधून काळे बारीक ठिपके. कंधारच्या बाजारात असंच छिटाचं कापड मिळायचं, म्हणून तू त्यांना छिटाची पाखरं म्हणायचीस. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा कळलं की यांना पतंग म्हणतात. पतंग रात्री उडतात असंही मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. तुझी पाखरं भर उन्हात उडायची. उडायची म्हणजे तरी काय, चार हात जायची आणि पुन्हा बसायची. त्यांच्याइतकं आळशी पाखरू मी दुसरं पाहिलं नाही.

एकदा मी एक पकडून कंपासपेटीत घालायला बघत होते. दाबल्याबरोबर त्याच्या मानेपाशी पिवळा फेस आला. मी हात फ्रॉकला पुसला आणि तू खुरपं टाकून धावत आलीस. ओढ्यावर नेऊन माझा हात मातीनं खसाखसा घासलास, आणि मग पाठीत धपाटा. "तागाचं कडू खाऊन वाढलंय ते. चिमणी तोंड लावत न्हाई, कोळी जाळ्यातून सोडून देतो, अन् तू मुठीत धरून बसलीस. चिमणीएवढी बी अक्कल न्हाई व्हय तुला?" कोळ्याचं मला तेव्हा खोटं वाटलं होतं. मग एका वर्षी बांधावरच्या बाभळीला स्वतः पाहिलं. पाखरू जाळ्यात अडकलं, कोळी तुरुतुरु आला, त्याला हात लावून पाहिला आणि मग शांतपणे एकेक धागा तोडून त्याला खाली सोडून दिलं. मी दर वर्षी वर्गात हे सांगते आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी हसतं.

गाडणीच्या दिवशी तर तुझं वेगळंच असायचं. बैलं जुंपून उभी असायची, अण्णा रुमणं धरून उभे, आणि तू हातात तुराटी घेऊन तागात शिरायचीस. एका कडेनं सुरू करायचीस, काठी तागाच्या शेंड्यांवरून हळूच फिरवायचीस, आणि पाखरं भुर्र भुर्र उठायची. त्यांना हाकत हाकत बांधाच्या पलीकडच्या गवतात न्यायचं, मग दुसरी कड. पाभरीनं पेरलेल्या सगळ्या ओळी संपेपर्यंत बैलांनी थांबायचं. अण्णांचा जीव वरखाली व्हायचा. "पाखरं उडवायली बाई," ते मोठ्यांदा बैलांना सांगायचे. "उद्या गांडुळांला बी आवतन देतीय का बघा." तू तिकडूनच म्हणायचीस, "तुमाला दिलं नव्हतं तरी आलात की जेवायला." आजूबाजूच्या शेतातून बाया हसायच्या. गावात दुसरं कोणी हे करत नव्हतं. तुझ्या आईनंही केलं नव्हतं, मी आजीला विचारलं होतं.

कशाला करतेस म्हणून तुला विचारलं ते चुलीपुढं. तू भाकरी थापत होतीस, अण्णा भिंतीला टेकून बसले होते, दिवसभर उशीर झाल्याची कुरकुर अजून संपली नव्हती. तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "घर पाडायलो आपण त्यांचं. पाडायच्या आधी हाक तरी मारावी का न्हाई?" मला वाटलं होतं आता वाद होईल. पण अण्णांनी ताट पुढं सरकवलं आणि भाकरी मागितली, आणि पुढच्या वेळी पुन्हा बैलांना तीच गोष्ट ऐकवली.

तू गेल्यावरही अण्णांनी ताग सोडला नाही. बैलं गेली, ट्रॅक्टर आला, तरी वर्षाआड ताग गाडला जायचाच. पाखरं मात्र कोणी उडवत नव्हतं. एका सुट्टीत मी गेले होते, म्हटलं मी उडवू का. ते म्हणाले, "राहू दे. ते तिचं काम व्हतं." एवढंच. मला तेव्हा बरं वाटलं होतं, का ते सांगता येत नाही.

अण्णांचं विसरणं गेल्या दोन वर्षांत सुरू झालं. आधी चष्मा, मग चावी, ते आपण सगळेच विसरतो. मग एकदा शेतातून घरी येताना ते पाऊलवाट सोडून डांबरी रस्त्यानं चालत निघाले आणि थेट पुढच्या गावात सापडले. शेजारच्या मावशी, ज्या तुझ्यामागं त्यांना दोन वेळचं जेवण देत होत्या, त्यांचे फोन यायला लागले. मी वर्गात असायची आणि टेबलावर फोन थरथरायचा. "पोरी, गॅस चालूच ठिवला बघ आज बी." "पोरी, दोन डाव जेवले अन् आता म्हणायलेत जेवलोच न्हाई." मावशींचा आवाज कधी चढला नाही, त्यामुळे मलाच जास्त लाज वाटायची. शनिवारी शाळा सुटली की नांदेडच्या स्टँडवर लोह्याची गाडी, तिथून कंधारची, तिथून मिळेल ते. रविवारी परत. धुणं, भांडी, अण्णांची नखं, गोळ्यांच्या पुड्या, मावशींशी दोन शब्द. सोमवारी सकाळी प्रार्थनेला उभी राहायची तेव्हा माझे डोळे आपोआप मिटायचे आणि मुलांना वाटायचं बाई फार मनापासून प्रार्थना करतात. माझ्या घरचेही आधी काही म्हणाले नाहीत, मग म्हणाले, मग म्हणायचंही सोडलं.

धाकट्याचं म्हणणं एकच, अण्णांना लातूरला घेऊन जातो. तो बँकेत आहे, घर मोठं आहे, बायको चांगली आहे, दवाखाना जवळ. मी ऐकत नव्हते. मी म्हणायची, तिसऱ्या मजल्यावर नेऊन काय करशील त्यांचं? गावात त्यांना वाट चुकली तरी कोणीतरी हाताला धरून घरी आणतं, तिथं कोण ओळखतं? जुनं झाड उपटून दुसरीकडं लावत नाहीत. फोनवर आम्ही असे भांडायचो की दुसऱ्या दिवशी घसा बसायचा. शेवटी त्यानंच तोड काढली. म्हणाला, "अक्का, औंदा ताग हाय ना? गाडायच्या टायमाला दोघं बी जाऊ. अण्णांला ताग कळला तर राहू दे त्यांला तिथंच, मी पुन्हा त्वांड उघडणार न्हाई. न्हाई कळला तर तू मधी बोलायचं न्हाई." मी हो म्हणाले. तुला माहीतच आहे, तागाचा दिवस अण्णांइतका पंचक्रोशीत कोणाला कळत नसे. तागाचं ताट उपटून ते मधोमध वाकवायचे. कट्‌कन मोडलं तर अजून कोवळं, दोरे सुटून लोंबले तर उशीर झाला, आणि न मोडता अंगठ्याभोवती बसलं तर आजच. अंदाज चुकलेला मला आठवत नाही. म्हणून तर मी हो म्हणाले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. पंचमीला जमिनीत फाळ घालायचा नाही, त्यामुळे एक तर आदल्या दिवशी, नाहीतर पंचमी झाल्यावर. ट्रॅक्टरवाला गावातलाच, अण्णांच्या हाताखाली नांगर धरायला शिकलेला, आता स्वतः आजोबा झालेला. तो ट्रॅक्टर बांधाला लावून बसला होता. मावशीही आल्या होत्या. अण्णांनी त्या सकाळी मला ओळखलं नव्हतं. चहा दिला तर "ठेवा बाई तिथं" म्हणाले. मला धडकी भरली होती, आणि धाकटा माझ्याकडे बघत नव्हता.

पण शेतात पाय ठेवला आणि त्यांची चाल बदलली. मी खोटं सांगत नाही, खांदे सुद्धा वर आले. खाली ओढ्याकडच्या अंगाला गेले, एक ताट उपटलं, वाकवलं, अंगठ्याभोवती बसवलं. मग वरच्या अंगाला गेले, तिथलं उपटलं, ते कट्‌कन मोडलं. दोन्ही हातात धरून उभे राहिले. ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "खालचं निम्मं आज घाल. वरचं पंचमी झाल्यावर. वर पाणी लागलं न्हाई, कोवळं हाय अजून." ट्रॅक्टरवाला माझ्याकडे बघून हसला. "बराबर हाय ताई. मी बी त्येच सांगणार व्हतो." माझ्या डोळ्याला धार लागली. धाकट्यानं दोन्ही हात वर केले, लहानपणी कुस्तीत हरल्यावर करायचा तसे.

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर सुरू केला, तर अण्णा म्हणाले, "थांब." त्यांनी बांधावरची तुराटी उचलली आणि तागात शिरले. माय, ते तुझी पाखरं उडवायला लागले. तसंच, कडेपासून, शेंड्यांवरून हळूच काठी फिरवत. पाखरं उठत होती, उठल्यावर पंखांची काळी किनार दिसत होती, आणि अण्णा तोंडानं तू करायचीस तसा चुक्‌चुक् आवाज करत होते. तो आवाज त्यांनी इतकी वर्षं कुठं ठेवला होता कोण जाणे. ट्रॅक्टरवाल्यानं न सांगता इंजिन बंद केलं. मावशींनी पदर तोंडाला लावला.

खालचं निम्मं संपलं. पाखरं वरच्या तागात जाऊन बसली, काही परत खाली आली, त्यांची सवयच ती. अण्णांनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा पहिल्या कडेपासून सुरुवात केली. मग पुन्हा. ऊन चढलं. मी पाणी घेऊन गेले, त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "ती आली न्हाई का अजून? बैलं खोळंबलीत." मी म्हटलं, येईल. "आली की सांग तिला, मी उडीवलीत समदी. एक बी ठिवलं न्हाई. म्हणावं, आता घर पाडलं तरी चालंल." आणि पुन्हा काठी फिरवायला लागले. म्हणजे चुलीपुढचं तुझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मला तेव्हा वाटलं होतं की त्यांचं लक्ष भाकरीकडं होतं.

बऱ्याच वेळानं ते आपणहून थांबले आणि बाभळीखाली बसले. ट्रॅक्टरनं खालचं निम्मं गाडलं. धाकटा माझ्याशेजारी बांधावर येऊन टेकला. त्याचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, "अक्का, तू जिकलीस. मला आज कळलं तू कामून म्हणायलीस ते. त्यांचं समदं हितंच हाय. तिसऱ्या मजल्यावर काय करतील ते? आपण दिवसभराचा एक माणूस बघू, मावशींला बी बरं पडंल. राहू दे त्यांला." मी दोन वर्षं याच वाक्यासाठी भांडत होते. समोर अण्णा बसले होते, मांडीवर तुराटी, आणि चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान.

मी म्हणाले, "न्हाई. घेऊन जा तू त्यांना."

धाकट्याला आधी कळलंच नाही. मावशी पुढं आल्या, "तूच म्हणायलीस व्हय हे?" मी कारणं दिली. गॅस, ओढा, डांबरी रस्ता, साप, आणि दिवसभर तुझी वाट बघत बसले तर उन्हात पडतील. सगळी खरी होती. मी वर्गात समजावते तशा शांत आवाजात सांगत होते. मावशी हळूहळू मान हलवायला लागल्या. धाकटा म्हणाला, "तू म्हणतीस तर." पंचमी झाल्यावर तो पुन्हा आला आणि अण्णांना गाडीत बसवून घेऊन गेला. कंधारला बाजाराला चाललो असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवी मागून घेतली.

वरच्या निम्म्या तागाचं काय झालं ते मी पाहायला गेले नाही. ट्रॅक्टरवाल्यानं गाडला असेल. तुकडा आता त्यालाच बटईनं दिलाय, पुढच्या वर्षीपासून सोयाबीन घेतो म्हणाला, तागाला हंगाम वाया घालवायला त्याला परवडत नाही. मी बरं म्हटलं. लातूरला अण्णा सकाळ-संध्याकाळ गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. सून त्यांचं फार नीट करते, माझ्यापेक्षा नीट. रविवारी ती फोन त्यांच्या कानाला लावते आणि ते विचारतात, "ताग गाडला का?" मी म्हणते, हाव. मग विचारतात, "पाखरं?" मी म्हणते, उडाली. त्यांचं समाधान होतं आणि फोन संपतो. नातेवाइकांत माझं कौतुक चाललंय. मन घट्ट करून बापाच्या भल्याचा निर्णय घेतला म्हणतात. एका मामेबहिणीनं तर फोन करून विचारलं की तिच्या आईचं काय करावं, तुला यातलं कळतं. मीही सल्ला दिला.

शनिवारी आता मी दुपारी झोपते. पहिल्या शनिवारी झोपले ती दिवेलागणीलाच उठले, आणि उठल्यावर किती वेळ मला कुठं जायचं राहिलंय तेच आठवेना. मग आठवलं की कुठंच जायचं नाही. तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की स्वतःची भीती वाटली.

तुला वाचता येत नव्हतं, माय. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायची, आणि ज्यानं तुला वाईट वाटेल ते गाळून पुढं जायची. एकदाच तुला संशय आला होता, म्हणालीस, "कागूद केवढा अन् मजकूर केवढा." हे मी पोस्टात टाकणार नाही, कुठं टाकणार, आणि कोणाला वाचूनही दाखवणार नाही. म्हणूनच गाळलेलं आज लिहिता येतंय. अण्णांना ताग कळला होता. धाकटा त्यांना ठेवायला तयार झाला होता. त्या बांधावर बसून मी गॅसचा विचार केला नाही, सापाचा केला नाही. मी फक्त येत्या शनिवारच्या लोह्याच्या गाडीचा विचार केला आणि घेऊन जा म्हणाले.